दादाची पळवलेली गाडी की काकांची जपलेली?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई साताऱ्यातल्या, वय ३४, प्राथमिक शिक्षिका. शाळा मेढ्याच्या पुढे, रोजचं जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. इतकी वर्षं एसटी आणि वडापच्या जीपवर काढली, आता जुनी पेट्रोल गाडी घ्यायचं ठरलंय. लायसन्स दोन वर्षांपूर्वीचं, पण हात अजून बसलेला नाही. समोर दोन गाड्या आहेत, एकाच मॉडेलच्या, दोन्ही २०२१ च्या. एक मामेभावाची. त्याची फिरतीची नोकरी, पुणे-कोल्हापूर सतत चालू, ७८,००० किलोमीटर झालेत, आणि तो गाडी रगडतो हे अख्ख्या नातेवाइकांत प्रसिद्ध. घरातल्या घरात म्हणून चार लाखांत द्यायला तयार आहे. दुसरी गोडोलीतल्या एका निवृत्त काकांची. फक्त २१,००० किलोमीटर, मंडई आणि राजवाड्यापलीकडे फारशी गेलेली नाही, घरी आली की वर कव्हर. मागतात पाच लाख वीस हजार. मिस्टरांचं मत, काकांचीच घ्यायची. मामीचा मात्र रोज फोन, “कधी नेताय गाडी?” ताई विचारतात, “दादाबरोबर एकदा पुण्याहून आले, तेव्हा खंबाटकीत मी डोळे मिटून बसले होते. अशा माणसाच्या हाताखालची गाडी आतून खिळखिळी झालेली असणार ना? की हा नुसता माझा समज? आणि नाही म्हणायचं तर मामीला काय सांगू?”

ताई,

आधी सरळ उत्तर देतो. हो, रगडून चालवली की गाडी लवकर झिजते. यात समज-गैरसमज काही नाही. पण तुम्ही डोळे मिटून बसला होता, म्हणजे नेमकं जे बघायला हवं होतं ते राहिलं. दादा वळणाच्या आधी गिअर खाली टाकत होता, की वळणावर आल्यावर ब्रेकवर उभा राहत होता? भीती दोन्ही वेळेला सारखीच वाटते. गाडीला मात्र या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

मी नोकरी केली एसटीच्या वर्कशॉपमध्ये. महाबळेश्वरकडून येणाऱ्या गाड्या आत आल्या की चाकाजवळ जाऊन हात धरायची सवय होती, लावायचा नाही, नुसता जवळ धरायचा. आमच्याकडे दोन ड्रायव्हर होते. एक जण नेहमी वेळेच्या आधी पोचणारा, दुसरा एकदम सावकाश, सज्जन माणूस. नव्या पोरांना वाटायचं, पहिल्याच्याच गाडीचे ब्रेक तापत असणार. प्रत्यक्षात केळघर घाट उतरून आलेल्या सावकाश माणसाच्या चाकाजवळ उभं राहवत नसे, जळक्या लायनरचा वास यायचा. कारण तो सबंध उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरायचा. पहिला ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा, गाडी इंजिनच आवरायचं, आणि ब्रेक तो अगदी गरजेपुरता लावायचा. बघणाऱ्याला तो पळवणारा वाटायचा. गाडीला तो जपणारा होता.

म्हणून ‘रगडतो’ हा शब्द मी थोडा उलगडून बघायला सांगेन. त्यात चार-पाच वेगवेगळ्या सवयी असतात आणि प्रत्येकीचं बिल वेगळ्या भागावर फाटतं.

ब्रेकचं घ्या. चालत्या गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साठवरून थांबायला ब्रेकला जेवढी उष्णता गिळावी लागते, त्याच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्तच ऐंशीवरून थांबताना गिळावी लागते. पन्नास आणि शंभरचा हिशेब केला तर थेट चौपट. दादा जर हायवेवर पुढच्या ट्रकच्या बुडापर्यंत जाऊन ब्रेक दाबणारा, मग ओव्हरटेक, मग परत ब्रेक, अशातला असेल, तर त्याचे पॅड आणि डिस्क नक्की खाल्लेले आहेत. पुढच्या चाकाच्या जाळीतून डिस्क दिसते. तिच्या बाहेरच्या कडेला नख लावून बघा (गाडी गार असताना, हे लिहायला लागू नये). कड उंच राहिलेली नखाला लागली तर डिस्क तेवढी झिजली. हा खर्च काही हजारांचा, आणि जीवावरचा भाग असला तरी बदलला की प्रश्न मिटतो.

टायरही तसेच. वळणं जोरात मारणाऱ्याच्या पुढच्या टायरच्या कडा आधी जातात. पण कडा नुसत्या हवा कमी ठेवल्यानेही जातात, तेव्हा त्यावरून लगेच दादाला फाशी देऊ नका.

मग खड्डे. माझ्या मते दादाच्या गाडीत खरी मोडतोड इथे असेल. खड्डा दिसल्यावरही वेग न सोडणारा माणूस शॉकअप, बुश, लिंक रॉड, बॉल जॉइंट हे चाकांना गाडीशी जोडणारं सगळं एकदमच म्हातारं करतो. त्यातून वाईट सवय म्हणजे ऐन खड्ड्यात ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक खाली जातं, पुढची स्प्रिंग आधीच दबलेली असते, आणि वर खड्ड्याचा दणका बसतो. ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबून चाक आत जाताना सोडायचा असतो. तुमच्या मेढ्याच्या रस्त्याला पावसाळ्यात हे रोजच लागणार आहे, आत्ताच सवय करून घ्या.

आता इंजिन, ज्याची तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे. तापलेलं इंजिन अधूनमधून वरच्या आरपीएमला नेलं म्हणून बिघडत नाही. ते त्यासाठीच बनवलेलं असतं, आणि मर्यादेपलीकडे ॲक्सिलरेटर दाबला तर गाडीतली यंत्रणा पेट्रोलच तोडते. त्याला मारतात दोन गोष्टी. एक, सकाळी गार इंजिनला पहिल्याच मिनिटाला रेस करणं. ऑइल गार असताना दाट असतं, सगळीकडे नीट पोचलेलं नसतं, आणि इंजिनची बरीचशी झीज याच काळात होते. दुसरी, ऑइल वेळेवर न बदलणं. दादा सकाळी सहाला घरातून निघून पोवई नाक्याच्या आतच गाडी पिळत असेल तर काळजी करा. पाच-सात मिनिटं नरम चालवून मग हायवेला पळवत असेल तर त्याच्या इंजिनची तब्येत तुमच्या-माझ्यापेक्षा बरी असू शकते. आणि हायवेवर टॉप गिअरला एका चालीने धावणं हे गाडीचं सगळ्यात सुखाचं काम. क्लच नाही, गिअर नाही, तापमान एकसारखं.

इथे काकांकडे वळतो. तुमच्या मिस्टरांना एक हिशेब दाखवा. काकांची गाडी गोडोली ते मंडई ते राजवाडा, म्हणजे गर्दीतून, ताशी सरासरी पंधरा धरा. २१,००० किलोमीटरला इंजिन चाललं १,४०० तास. दादाची सरासरी पन्नास धरली तर ७८,००० किलोमीटरला १,५६० तास. मीटरवर जवळपास चौपट दिसणारा फरक इंजिनाच्या आयुष्यात जवळजवळ उरतच नाही. क्लचचं विचाराल तर काकांच्या गाडीचा क्लच दादाच्या गाडीपेक्षा जास्त वेळा दाबला गेला असेल. गर्दीत, चढावर, मागे कोणीतरी हॉर्न वाजवतंय म्हणून हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणारे सज्जन लोक मी कितीतरी पाहिलेत. पाऊल कायम क्लचवर टेकवून ठेवणारे तर विचारू नका. ‘मी तर चाळीसच्या वर जात नाही’ असं म्हणत म्हणत प्लेट जाळतात. (ऑटोमॅटिकवाल्यांनीही हसू नये. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरली तर एएमटीत, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीतसुद्धा, आत क्लचच जळतो.)

जपलेल्या गाडीचं आणखी एक दुखणं असतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. मग न जळलेलं पेट्रोल थोडं थोडं ऑइलमध्ये उतरतं, आतला ओलावाही उडून जात नाही. काकांच्या गाडीचं बोनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढा आणि आतून बघा. दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर दिसला तर ती गाडी महिनोन् महिने गारच फिरली आहे. नुसत्या थराने घाबरायचं कारण नाही, ऑइल बदलून गाडी लांब पळवली की बऱ्याचदा जातो. पण कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी कमी असेल तर मात्र तो थर वेगळं काही सांगत असतो, ते मेकॅनिकला विचारा. काका महिन्यातून एकदा जरी सज्जनगडापर्यंत जाऊन येत असतील तर त्या गाडीवर उपकार झाले. टायरचंही बघा. नक्षी नव्यासारखी दिसेल, पण बाजूला चार आकडे असतात. ३४२१ म्हणजे २०२१ च्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला. उन्हात उभ्या गाडीचं रबर न पळताही तडकतं. बॅटरी दमलेली असेल. आणि कव्हरखाली उंदरांनी वायरी खाल्ल्या आहेत का, हे विचारायला लाजू नका. गोडोलीचं माहीत नाही, आमच्या शाहूपुरीतले उंदीर कुणाला सोडत नाहीत.

तर मग कुठली घ्यायची? दोन्ही गाड्यांची बिलं मागा, पहिलं काम ते. दादाच्या गाडीला दर दहा हजार किलोमीटरला ऑइल बदली धरली तर सात बिलं निघायला हवीत. एखादं हरवलेलं चालेल, तीन-चार गायब असतील तर गाडी सोडा, मग तो कितीही हळू चालवत असो. काकांकडे उलटी अडचण येईल. ते म्हणतील, किलोमीटरच कमी, म्हणून दोनदाच बदललं. ऑइल वर्षालाही बदलायचं असतं, किलोमीटर होवोत न होवोत. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात हे छापलेलं असतं, आणि धूळ, घाट, सततच्या लहान फेऱ्या असतील तर त्याहूनही लवकर बदला असं लिहिलेलं असतं. ते पान कोणी वाचत नाही. ब्रेक ऑइलचंही तेच. ते हवेतला ओलावा ओढतं, तसतसा त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि लांब उतारावर ऐनवेळी पेडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी बदलायचं. माझी पैज आहे, दोन्ही गाड्यांत पहिल्या दिवसाचंच ब्रेक ऑइल असेल.

मग ट्रायल. यवतेश्वर घाट तुमच्या दारात आहे, त्याचा उपयोग करा. मालकाला आधी सांगा की मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही, आणि गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर गार स्टार्टिंगचा त्रास लपवायला कोणीतरी गाडी आधीच चालू केली होती असं समजा. घाट चढताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा वर पळतोय पण गाडी पळत नाही, असं झालं तर क्लच संपला. मध्ये सुरक्षित जागा बघून चढावर थांबा आणि पुन्हा उचला, थरथर आणि वास दोन्हींकडे लक्ष द्या. वरती मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट-कट आवाज म्हणजे ॲक्सलचा जॉइंट. उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच गाडी येऊ द्या, आणि सपाटीला लागल्यावर जोरात दाबा, मागे बसलेल्याला काचेतून बघायला सांगा. निळसर धुराचा लोट निघाला तर इंजिन ऑइल पितंय. इतर सगळं क्षम्य आहे, हे नाही. ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. गावात शिरताना स्पीड ब्रेकरवर खालून टक-टक आली तर लिंक रॉड नाहीतर बुश, म्हणजे किरकोळ.

दादाच्या बाबतीत एक जास्तीचं काम करा. गाडीच्या नंबरवर ई-चलनं बघता येतात. थकलेली रक्कम तर कळतेच, वर वेगाची चलनं कुठली आणि किती, त्यात त्याचं चरित्रही वाचायला मिळतं. आणि गाडी कुठे ठोकली होती का, इन्शुरन्सचा क्लेम घेतला होता का, हे स्पष्ट विचारा. पळवणाऱ्याच्या गाडीत मला झिजेपेक्षा ही भीती जास्त. झिजलेला भाग बदलता येतो. वाकलेली चासी ‘सरळ केली’ म्हणणाऱ्याकडे मी आजवर संशयानेच बघत आलोय.

माझं मत विचाराल तर, ऑइलची बिलं असतील, धूर नसेल, ठोकलेली नसेल, तर मी दादाची घेईन. मात्र चार लाखांत नाही. मेकॅनिककडून पॅड, डिस्क, खालचं सस्पेन्शन, सगळ्या द्रवांची बदली याचा लेखी अंदाज घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगा. त्यातही क्लच अर्धा झिजलेला निघाला तर लगेच बदलू नका. रागावू नका, पण हात न बसलेल्या माणसाचा पहिला क्लच बहुतेक करून जळतोच. रोज चढावर गाडी उचलायला शिकताना तो अर्धा क्लच वापरून घ्या आणि वर्षाने नवा टाका. खर्च पाच आकडी आहे, दोनदा का करायचा? काकांच्या गाडीला वरचे एक लाख वीस हजार मोजून तुम्ही मुख्यतः कव्हरखालची चकाकी विकत घेणार, आणि टायर-बॅटरी वेगळी. हां, काका साडेचार लाखांपर्यंत खाली आले आणि झाकणाखाली साय नसेल, तर मात्र मिस्टरांचं ऐका.

हेही लिहितो, कारण अशीच पत्रं डिझेल गाडीवाल्यांचीही येतात. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक निकषांची, डिझेल गाडी मंडई-राजवाडा अशीच फिरवली तर सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळीचा फिल्टर साफ व्हायला पुरेशी उष्णता मिळत नाही आणि तो तुंबतो. तिथे सावकाश माणसाची गाडी घेताना दुप्पट सावध.

राहिली मामी. घरातल्या व्यवहारात ‘मेकॅनिकला दाखवते’ म्हटलं की अपमान होतो, हे खरं आहे. त्यासाठी नवरा नावाची सोय असते. “आमच्या ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, कागद बघितल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाहीत,” एवढं सांगा, मिस्टरांना आधी कल्पना देऊन. मेकॅनिक मात्र तुमचा हवा, दादाच्या ओळखीचा नको. आणि गाडी घेतलीत तर ‘घरचीच आहे, नावावर करू सावकाश’ हे अजिबात ऐकू नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५, आणि ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत इन्शुरन्स तुमच्या नावावर करायला अर्ज. गाडी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. मामीला हे सांगितलंत तर नावावर करायची घाई तीच करेल. कारण उद्या मेढ्याच्या रस्त्यावर तुमच्या हातून काही झालं तर नोटीस तिच्या मुलाला येईल.

आणि नाहीच घ्यायची ठरली, तर दादाच्या चालवण्याचं कारण देऊ नका. मेकॅनिकचा कागद पुढे करा, खर्च बसत नाही म्हणा. ते खरंही असेल.

ट्रायलच्या दिवशी स्टिअरिंगवर तुम्ही बसा. दादा शेजारी बसला तर यवतेश्वरपर्यंत ‘दाब गं, दाब’ करत राहील, म्हणून त्याला मागे बसवा. धुराकडे बघायचं काम त्यालाच द्या, आणि मेकॅनिकला पुढे घ्या.